काशीचा शालू आणि तळहातावरची पेढी

आपल्या घरी येत्या वर्षात एखादे लग्नकार्य असेल, तर शालूचा विषय निघाल्यावाचून राहणार नाही. पैठणी येवल्याची आणि शालू बनारसचा, हे समीकरण मराठी घरांत इतके रुजलेले आहे की, शालू म्हणताना 'बनारसी' हे विशेषण जोडण्याचीही कोणास गरज वाटत नाही. पूर्वी काशीयात्रेहून परतणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सामानात गंगेच्या गडूशेजारी एखादा शालू घडी करून ठेवलेला असे. ज्यांना यात्रा घडत नसे ते पुण्यामुंबईच्या कापडदुकानांतून तो घेत. आज तोच शालू आपणांस आणखी एका वाटेने भेटतो. दुपारच्या निवांत वेळी आपण भ्रमणध्वनी हाती घ्यावा, तो पडद्यावर कोणी तरुण पांढऱ्या गादीवर बसून एकामागून एक साडी उलगडीत असतो; खाली किंमत, खाली क्रमांक, आणि 'आवडल्यास ह्याच चित्राचा स्क्रीनशॉट पाठवा' अशी सूचना. गादी वाराणसीची, गिऱ्हाईक साताऱ्याचे किंवा शिकागोचे, आणि मधली सारी बाजारपेठ तळहाताएवढ्या काचेत मावलेली.

हे स्थित्यंतर दहाएक वर्षांतले आहे. २०१६ साली मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि त्याच वर्षी युपीआयद्वारे पैसे पाठविण्याची सोय निघाली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने लहान व्यापाऱ्यांसाठी आपले वेगळे, विनामूल्य ॲप काढले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लग्ने लांबणीवर पडली, दुकाने बंद झाली, आणि ज्यांनी तोवर ह्या साधनांकडे ढुंकून पाहिले नव्हते त्यांनाही ती हाती घ्यावी लागली. आपण स्वतः काही विकत असाल, मग तो शालू असो, गोधडी असो वा घरचा मसाला, तर वाराणसीच्या ह्या अनुभवातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपण केवळ घेणारे असाल, तरीही आहे.

शालूचा जुना प्रवास

वाराणसीचे रेशमी विणकाम हा कोणा एका कारखान्याचा धंदा नव्हे. मदनपुरा, अलईपुरा, पीली कोठी, बजरडीहा, लल्लापुरा अशा मोहल्ल्यांतून आणि लोहता, रामनगर, सराय मोहाना ह्या भोवतालच्या वस्त्यांतून घरोघरी माग आहेत. विणकर बहुसंख्येने अन्सारी मुसलमान. जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून तो माग चालवावयाचा. डोक्यावर जकार्डच्या पत्त्यांची माळ, आणि खोलीत बेताचाच उजेड. साध्या साडीस पंधरा दिवस, तर भरगच्च जरीकामाच्या साडीस काही महिनेही लागतात. घरातील स्त्रिया कांड्या भरतात, उलट बाजूचे सुटे धागे कात्रीने कापतात. मजुरीच्या हिशेबात मात्र त्यांच्या कष्टांची नोंद क्वचितच होते.

साडी मागावरून उतरली की तिची पायरी-पायरीने विक्री होई. बहुतेक विणकर स्वतःचे सूत घालून विणीत नाहीत. रेशीम, जर आणि नक्षी देतो तो 'गिरस्ता', म्हणजे मोठा विणकर. विणणाऱ्यास मिळते ती मजुरी. गिरस्त्याकडून माल जातो चौक, कुंजगली ह्या भागांतील गद्दीदाराकडे. तेथून आडत्या, मग परगावचा घाऊक व्यापारी, मग दुकान, आणि शेवटी आपण. ह्या साखळीतील प्रत्येक कडी अनावश्यक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. गद्दीदार पैसा गुंतवून ठेवी, मंदीत माल सांभाळी, कोणत्या प्रांतात कोणता रंग चालतो हे त्यास ठाऊक असे. पण साडीत बारीकसा दोष निघाला की मजुरी कापली जाई, पैसे पुढील तारखेच्या धनादेशाने मिळत, आणि ज्याने ती विणली त्यास ती कोण नेसणार हे कधीच कळत नसे. आपणांसही ती कोणी विणली हे कळत नसे.

पडद्यावर दुकान मांडताना

आता ही साखळी आखूड करावयाची तर काय करावे लागते ते पाहू. समाजमाध्यमांवर विक्री करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण प्रारंभीच एक चूक करतात. ती ही की, प्रत्येक ठिकाणी खाते उघडावयाचे आणि कोठेच नीट बसावयाचे नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप ह्यांची कामे वेगवेगळी आहेत. पहिली तीन ही रस्त्यावरील दर्शनी काचेसारखी; अनोळखी माणूस तेथे थबकतो. व्हॉट्सॲप ही आतली गादी; व्यवहार तेथे ठरतो. लहान धंद्यास एक काच आणि एक गादी पुरे होते. व्हॉट्सॲपच्या व्यापारी ॲपमध्ये मालाची सचित्र सूची किमतीसह लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवता येतात, आणि 'पैसे आले', 'माल पाठविला' अशा चिठ्ठ्या गिऱ्हाइकांच्या नावांस लावता येतात. एकच निरोप पुष्कळांना पाठविण्याची यादीही करता येते. मात्र ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदविला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. म्हणून गिऱ्हाइकास पहिल्याच बोलण्यात 'आमचा क्रमांक ह्या नावाने नोंदवून ठेवा' असे सांगणे हे शंभर चित्रे टाकण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

छायाचित्राकडे मात्र हवे तितके लक्ष द्यावे. जर ही मोठी फसवी वस्तू आहे. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली तांब्याची जर सोन्यासारखी चमकते आणि खरी जर काळवंडलेली दिसते. शिवाय मोबाइलचा कॅमेरा आपल्या मनाने रंग गडद करतो. त्यामुळे राणी रंग म्हणून मागविलेला शालू घरी आल्यावर डाळिंबी निघतो आणि भांडण उभे राहते. ह्यावर उपाय साधा आहे. मागाच्या अंधाऱ्या खोलीत चित्र न घेता साडी गच्चीवर न्यावी, सकाळच्या मऊ उजेडात पण थेट उन्हात नव्हे अशी पसरावी, आणि शेजारी एखादी पांढरी वस्तू ठेवावी म्हणजे रंगाचा अंदाज चुकत नाही. एक चित्र पूर्ण साडीचे, एक पदराचे, एक काठाचे, आणि एक उलट बाजूचे.

ह्या उलट बाजूविषयी दोन शब्द अधिक लिहावयास हवेत, कारण बनारसी कामाची खरी ओळख तेथे पटते. 'कढुवा' पद्धतीत प्रत्येक बुट्टी वेगळ्या कांडीने, जणू भरतकाम करावे तशी, मागावरच विणली जाते. तिच्या पाठीमागे लोंबते धागे राहत नाहीत. 'फेकुवा' पद्धतीत जरीचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकला जातो आणि बुट्ट्यांमधील सुटा भाग नंतर कापला जातो. तेथे कापलेल्या धाग्यांची टोके हाताला लागतात. पहिल्या कामास वेळ अधिक लागतो, म्हणून किंमतही अधिक. हा फरक सुलट बाजूच्या चित्रात दिसत नाही. जो विकणारा न मागता उलट बाजू दाखवितो आणि दोन ओळींत हा भेद समजावून सांगतो, त्यास 'अस्सल', 'शुद्ध', 'राजेशाही' असली विशेषणे वापरावी लागत नाहीत. विशेषणांचा बाजार समाजमाध्यमांवर फारच स्वस्त झाला आहे.

किंमत उघड लिहावी की नाही, ह्याविषयी व्यापाऱ्यांत दुमत आहे. 'किंमत इनबॉक्समध्ये विचारा' असे लिहिणाऱ्यांचा हिशेब असा की, त्या निमित्ताने संभाषण सुरू होते. आमच्या मते घरगुती गिऱ्हाइकास ही लपवाछपवी मुळीच रुचत नाही. किंमत, टपालखर्च, साडी परत घेणार की नाही आणि घेणार तर किती दिवसांत, एवढे चित्राखालीच असावे. ज्यास परवडत नाही तो मुकाट्याने पुढे जातो आणि विकणाऱ्याचा वेळ वाचतो. हा वेळ म्हणजेच ह्या धंद्यातील खरे भांडवल. दिवसभर 'आणखी रंग दाखवा' ह्या निरोपांना उत्तरे द्यावयाची तर माग कोणी चालवावयाचा? वाराणसीत काय किंवा अन्यत्र काय, हे काम बहुधा घरातील शाळा-कॉलेज शिकलेल्या मुलांमुलींकडे येते. ज्या मुलीच्या कांड्या भरण्याचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते, तिच्या हाती गिऱ्हाइकांची वही येते, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि ती वही कागदाची असावी, किंवा निदान फोनबाहेर कोठेतरी असावी. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली, तेव्हा ज्यांनी आपला सारा चाहतावर्ग एकट्या टिकटॉकवर जमविला होता त्यांचे दुकान एका रात्रीत नाहीसे झाले. खाते चोरीस जाणे, चुकीच्या तक्रारीवरून बंद होणे हेही घडते. तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव, काय घेतले आणि कोणत्या कार्यासाठी घेतले हे लिहून ठेवावे, आणि खात्यास दुहेरी पडताळणीचे कुलूप लावावे. मोठ्या मुलीच्या लग्नाचा शालू जेथून आला तेथेच धाकटीसाठी विचारणा होते. दहा हजार अनोळखी अनुयायांपेक्षा अशी पन्नास घरे धंद्यास अधिक उपयोगी पडतात.

चित्र टाकावे की टाकू नये

येथवर सारे सोपे वाटले असेल. आता अवघड भागाकडे वळू.

एखाद्या विणकराने नक्शाबंदाकडून नवी नक्षी काढवून घेतली, जकार्डचे पत्ते कापविले आणि महिनाभर खपून साडी विणली. तिचे स्वच्छ छायाचित्र त्याने जगासमोर ठेवले. ते चित्र जसे गिऱ्हाईक पाहते तसेच यंत्रमागवालाही पाहतो. तीच नक्षी कृत्रिम धाग्यावर उतरून, मूळ किमतीच्या लहानशा अंशात, त्याच पडद्यावर 'बनारसी' ह्याच नावाने विकली जाऊ लागते. कधीकधी तर मूळ विणकराचेच चित्र लावून. नक्षी आधी दाखविली नाही तर विक्री नाही, आणि दाखविली तर चोरी. ह्या पेचाने वाराणसीतील कित्येक जुने कारागीर समाजमाध्यमांपासून दूर राहतात, आणि त्यांना मागासलेले म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही.

कायदा येथे काही अंशी मदत करतो. 'बनारस ब्रोकेड आणि साड्या' ह्यांस २००९ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. त्यायोगे हे नाव वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगढ ह्या सहा जिल्ह्यांतील मालापुरते राखीव झाले. पण ही नोंदणी नावाचे रक्षण करते, नक्षीचे नव्हे. नक्षीसाठी २००० सालचा डिझाइन कायदा आहे; त्याखाली नोंदविलेल्या नक्षीस दहा वर्षे, आणि मुदत वाढविल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मेख अशी की, जी नक्षी आधीच प्रसिद्ध झाली ती नवी म्हणून नोंदविता येत नाही. म्हणजे इन्स्टाग्रामवर चित्र आधी आणि अर्ज नंतर, हा क्रम घातक ठरतो. ज्या नक्षीवर पुढील अनेक वर्षांची विक्री अवलंबून आहे तिचा अर्ज आधी करावा. नेहमीच्या बुट्ट्याबेली, कोयऱ्या आणि जाळ ह्या परंपरागत नक्ष्या मोकळेपणे दाखवाव्यात. काही चतुर व्यापारी नवी साडी उघड पानावर न टाकता फक्त जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीत पाठवितात. तोही मार्ग वाईट नाही. मात्र त्याने कायदेशीर प्रसिद्धीचा प्रश्न सुटतोच असे नाही.

दुसरी अडचण ह्याहून खोल आहे. पडद्यावर जी शेकडो बनारसी पाने दिसतात ती कोणाची असतात? पुष्कळशी गद्दीदारांच्या नव्या पिढीची, आणि त्याहून अधिक अशा मधल्या विक्रेत्यांची, ज्यांनी साडी हाती धरलेलीही नसते. दुसऱ्याचे चित्र पुढे पाठवून ते आपला नफा मिळवितात. २०१५ साली बंगळुरात सुरू झालेल्या मीशोसारख्या कंपनीने प्रारंभी ह्याच पद्धतीवर, घरबसल्या चित्रे पुढे पाठविणाऱ्या गृहिणींच्या बळावर, आपला व्याप वाढविला. त्या गृहिणींना चार पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. पण चित्रे पुढे पाठविण्याने विणकराच्या मजुरीत वाढ होत नाही. साखळीतील जुनी कडी जाऊन नवी आली, एवढेच घडते.

विणकर स्वतः का विकत नाही? फोन त्याच्यापाशीही आहे. नाही ते सूत. ज्या साडीचे रेशीम आणि जर गिरस्त्याची, ती साडी विणकराची नव्हेच. मग तो तिचे चित्र कोणत्या अधिकाराने टाकणार? म्हणून समाजमाध्यमांचे शिक्षण देण्याआधी, किंवा निदान त्याच्या जोडीने, सुताची सोय व्हावयास हवी. विणकरांसाठी मुद्रा कर्जाची जी सवलत योजना आखली गेली, तीत व्याजाचा भार सहा टक्क्यांवर आणणे आणि कर्जाच्या वीस टक्के, कमाल पंचवीस हजार रुपयांपर्यंत, सरकारने स्वतःचा वाटा घालणे अशी तरतूद होती. चालू नियम बँकेच्या शाखेत अथवा चौकाघाटच्या विणकर सेवा केंद्रात विचारून घ्यावेत. बडा लालपूर येथे सप्टेंबर २०१७ मध्ये दीनदयाळ हस्तकला संकुलाचे उद्घाटन झाले; तेथेही कारागीर आणि गिऱ्हाईक ह्यांची गाठ घालून देण्याचा प्रयत्न आहे.

भांडवल थोडे असेल तर साडीपासून प्रारंभ करण्याचा हट्ट नसावा. एका शालूच्या रेशमात कित्येक खण, दुपट्टे किंवा गळपट्टे निघतात. ते लवकर विणून होतात, टपालाने सुखरूप जातात, आणि पडून राहिले तरी घर बुडत नाही. खण आवडलेले गिऱ्हाईक पुढे साडी मागते. तेव्हा निम्मी रक्कम आगाऊ घेऊन, त्याच रकमेचे सूत आणून, मागावरील प्रगतीची चित्रे आठवड्याच्या आठवड्यास पाठवीत ती विणता येते. ह्या पद्धतीत साडी प्रथमच विणणाऱ्याच्या मालकीची होते.

घेणाऱ्याने काय पाहावे

आता आपल्याविषयी, म्हणजे घेणाऱ्यांविषयी थोडेसे. उलट बाजूचे चित्र मागा. साडी हातमागाची की यंत्रमागाची हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. यंत्रमागाची असणे हा गुन्हा नव्हे, ती हातमागाची म्हणून विकणे ही फसवणूक आहे. सिल्क मार्क ही २००४ पासूनची खूण शुद्ध रेशमाविषयी आहे आणि हँडलूम मार्क ही २००६ पासूनची खूण हातमागाविषयी. एकीवरून दुसरीचा निर्वाळा मिळत नाही. साडी घरी आल्यावर पदराच्या टोकाचा एखादा धागा जाळून पाहता येतो. रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि त्याची राख बोटांनी कुस्करली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. पुडके उघडताना चलच्चित्र घेऊन ठेवावे, म्हणजे पुढील वाद टळतो.

पैशांच्या बाबतीत एक नियम दोन्ही पक्षांनी पाठ करावा. युपीआयवर पैसे घेण्यासाठी आपला गुप्त पिन कधीही द्यावा लागत नाही. 'आगाऊ रक्कम पाठवितो, हा कोड स्कॅन करून पिन घाला' असे सांगणारा गिऱ्हाईक नसून चोर असतो, आणि अशा रीतीने नवख्या विक्रेत्यांची फसवणूक होते. तसे घडलेच तर विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. मालाविषयीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. साताऱ्याच्या ग्राहकास त्यासाठी वाराणसी गाठावी लागत नाही.

लग्नसराईचा शालू हवा असेल तर मागणी निदान तीन-चार महिने आधी नोंदवावी, कारण कढुवा काम घाईने होत नाही. आणि मार्गशीर्षात, ज्यास तिकडे अगहन म्हणतात, एखाद्या शुक्रवारी आपल्या निरोपास दिवसभर उत्तर आले नाही तर रुष्ट होऊ नये. त्या महिन्यातील एका शुक्रवारी वाराणसीचे मुसलमान विणकर माग बंद ठेवून ईदगाहात एकत्र नमाज पढतात. 'अगहनी जुमा' ह्या नावाने ही प्रथा तेथे ओळखली जाते. उत्तर शनिवारी येईल.